शास्त्रज्ञांची दप्तरं कोणाची?

नेपच्यूनच्या शोधाबद्दल आपण शाळेत एक वाक्य शिकतो. इंग्लंडमध्ये ॲडम्सने आणि फ्रान्समध्ये ल व्हेरिएने, एकमेकांची खबर नसताना, कागदावर आकडेमोड करून हा ग्रह आकाशात कुठे असेल ते सांगितलं, मग तो दुर्बिणीतून दिसला, आणि म्हणून श्रेय दोघांना सारखं. हे वाक्य दीडशे वर्षं पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिलं. त्यातलं खरं किती, हे ठरवायला सगळ्यांत मोठा पुरावा होता ग्रिनिचच्या वेधशाळेतला पत्रांचा एक गठ्ठा. तो गठ्ठा तीसेक वर्षं बेपत्ता होता.

माझं म्हणणं असं आहे की, लोकांच्या पैशावर जे विज्ञान चालतं त्याचा पत्रव्यवहारही लोकांच्याच मालकीचा असतो. पत्र लिहिणाऱ्याला, ते मिळालेल्या माणसाला किंवा पुढे त्यावर अभ्यास करणाऱ्या विद्वानाला त्यावर एकट्याने हक्क सांगता येत नाही. तो जपणं हे संस्थेचं कर्तव्य आहे आणि ठरावीक मुदतीनंतर तो कुणालाही पाहता आला पाहिजे. नेपच्यूनच्या पत्रांचं जे झालं त्यावरून हे जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं दुसऱ्या कशावरून दिसणार नाही. म्हणून आधी ती हकीकत.

जॉर्ज बिडेल एअरी 1835 ते 1881 अशी सेहेचाळीस वर्षं इंग्लंडचा राजज्योतिषी, म्हणजे ग्रिनिच वेधशाळेचा प्रमुख खगोलशास्त्रज्ञ, होता. कागद फेकायचा नाही, हा त्याचा आयुष्यभराचा नेम. केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला तेव्हापासूनची जुन्या चेकबुकांची अर्धुकं, दुकानदारांना लिहिलेल्या चिठ्ठ्या, बिलं, परिपत्रकं, सगळं त्याने विषयवार लावून ठेवलं होतं, असं त्याच्या मुलानेच नोंदवलं आहे. समकालीनांना हा छंद विचित्र वाटे. पण त्याच्या हाताखालची वेधशाळा सरकारी होती, आणि सरकारी कामाचा कागद आपल्या एकट्याचा नाही ही समज त्याला पक्की होती. आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याच्या कारकिर्दीची दप्तरं आहेत. एकोणिसाव्या शतकातलं विज्ञान कसं चालत होतं हे जाणून घ्यायचं तर त्यांच्याइतकी भरवशाची जागा क्वचितच सापडेल.

1781 मध्ये सापडलेला युरेनस गणिताने दिलेल्या जागी थांबत नव्हता. 1821 मध्ये बुव्हारने त्याची नवी कोष्टकं केली, पण काही वर्षांतच तीही चुकायला लागली. पलीकडे आणखी एखादा ग्रह असून तो युरेनसला ओढत असावा, ही शंका अनेकांच्या मनात होती. 1841 च्या जुलैत केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातल्या जॉन काऊच ॲडम्स या विद्यार्थ्याने, पदवी मिळाली की हा प्रश्न सोडवायचा, असं टिपून ठेवलं. 1845 च्या सप्टेंबरात त्याने आपलं उत्तर केंब्रिज वेधशाळेच्या चॅलिसला दिलं. 21 ऑक्टोबरला तो ग्रिनिचला एअरीच्या घरी दोनदा गेला, पण भेट झाली नाही. मागे एक चिठ्ठी ठेवून तो परतला. चिठ्ठीत ग्रहाच्या कक्षेचे आकडे होते, पण ते कुठल्या रीतीने काढले याबद्दल काही नव्हतं.

5 नोव्हेंबरला एअरीने ॲडम्सला पत्र लिहिलं. सूर्यापासून युरेनसच्या अंतरातही चूक दिसते आहे, तुमच्या गणिताने तीही सुटते का, असा त्याचा प्रश्न होता. या पत्राला उत्तर गेलं नाही. ॲडम्सने तो प्रश्न क्षुल्लक मानला, असं पुढे म्हटलं गेलं. पण कॉर्नवॉलमधल्या कौटुंबिक कागदपत्रांत 13 नोव्हेंबर 1845 चा एक मसुदा अलीकडे सापडला आहे. ॲडम्स एअरीला उत्तर लिहायला बसला होता. आपण या कामाकडे कसे वळलो हे त्याने लिहिलं, रीत सांगतो म्हणून सुरुवात केली, आणि पत्र मध्येच थांबलं. ते कधीच टपालात पडलं नाही. म्हणजे प्रश्न त्याला क्षुल्लक वाटला नव्हता, असं म्हणायला निदान जागा आहे. दीडशे वर्षं ज्याला बेपर्वा ठरवलं त्या तरुणाबद्दलचं मत एका अर्धवट कागदाने बदलू शकतं.

दरम्यान पॅरिसमध्ये अर्बां ल व्हेरिए आपलं काम उघड्यावर करत होता. नोव्हेंबर 1845 मध्ये पहिला प्रबंध, 1 जून 1846 ला ग्रहाची जागा सांगणारा दुसरा, 31 ऑगस्टला वस्तुमान आणि कक्षेसह तिसरा. जूनचा प्रबंध एअरीच्या हातात पडला तेव्हा जागा ॲडम्सच्या आकड्याशी जुळत असल्याचं त्याच्या ध्यानात आलं. 26 जूनला त्याने ल व्हेरिएला तोच अंतराचा प्रश्न विचारला. ल व्हेरिएने दोन दिवसांत उत्तर लिहिलं. या पत्रव्यवहारात एअरीने ॲडम्सचं नाव एकदाही काढलं नाही. 9 जुलैला त्याने चॅलिसला केंब्रिजच्या मोठ्या दुर्बिणीतून शोध घ्यायला सांगितलं. 29 जुलैला चॅलिस कामाला लागला. 4 आणि 12 ऑगस्टला त्याने ग्रह पाहिला, त्याची नोंदही केली, पण तो ओळखला नाही, कारण दोन रात्रींच्या नोंदी ताडून पाहायचं राहून गेलं. ऑक्टोबरात त्याने एअरीला पत्र लिहून हे कबूल केलं. निरीक्षणं सुरू झाल्यापासून चार दिवसांत ग्रह आपल्या मुठीत होता, असा त्या कबुलीचा मथितार्थ आहे. इतका प्रामाणिक कागद कुठल्याही शोधनिबंधात मिळत नाही.

ल व्हेरिएचं म्हणणं फ्रान्समध्ये कुणी दुर्बिणीपर्यंत नेईना. तेव्हा त्याला बर्लिनच्या योहान गालेची आठवण झाली. गालेने वर्षभरापूर्वी त्याला आपला प्रबंध पाठवला होता आणि त्याची पोच द्यायची राहिली होती. 18 सप्टेंबर 1846 ला त्याने गालेला ती पोच देणारं पत्र लिहिलं आणि त्यातच ग्रह शोधण्याची विनंती घातली. पत्र 23 तारखेला बर्लिनला पोचलं. त्याच रात्री गाले दुर्बिणीला डोळा लावून एकेक तारा सांगत गेला आणि दारेस्त हा विद्यार्थी नव्या नकाशावर तो ताडून पाहत गेला. नकाशात नसलेला एक तारा सापडला. सांगितलेल्या जागेपासून तो एका अंशाच्या आतच होता. दोन दिवसांनी गालेने पॅरिसला कळवलं की तुम्ही दाखवलेल्या जागी ग्रह खरोखरच आहे.

इथून वादाला तोंड फुटलं. 3 ऑक्टोबरला इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलच्या पत्रातून ॲडम्सचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं आणि फ्रेंच वृत्तपत्रांनी इंग्रजांवर उचलेगिरीचा आरोप केला. 13 नोव्हेंबरला एअरीने रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे सगळी हकीकत मांडली आणि आपल्याजवळची पत्रं वाचून दाखवली. पुढे शतकभर जो इतिहास लिहिला गेला तो मुख्यत: या हकीकतीवर उभा आहे. खुद्द ॲडम्सने मात्र त्याच सुमारास स्वच्छ लिहिलं होतं की ल व्हेरिएचं काम आधी प्रसिद्ध झालं, प्रत्यक्ष शोध त्यावरूनच लागला आणि त्याच्या श्रेयाला आपल्या कामाने जराही बाधा येत नाही. त्याची ही सचोटी त्याच्या देशबांधवांना पुरली नाही. राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न झाला की माणसाचा स्वत:चा शब्दही बाजूला पडतो.

एअरीने वाचून दाखवलेली पत्रं खरी होती. पण ती निवडली होती एअरीने, आणि ज्या प्रकरणाची चौकशी व्हायची त्यात तो स्वत: गुंतलेला होता. कोणती पत्रं त्याने घेतली नाहीत, घेतलेल्या पत्रांतला कोणता मजकूर गाळला, त्याआधी चॅलिसशी, ॲडम्सशी, केंब्रिजच्या इतर मंडळींशी त्याचं काय बोलणं झालं, हे मूळ गठ्ठा पाहिल्याशिवाय कळणार कसं?

1960 च्या दशकाच्या मध्यावर तो पाहायला मागितला तेव्हा तो जागेवर नसल्याचं उघड झालं. संशय होता ऑलिन एगन या खगोलशास्त्रज्ञावर. तो ग्रिनिच वेधशाळेत राजज्योतिष्याचा मुख्य साहाय्यक होता, आणि एअरी व चॅलिस यांची चरित्रं लिहिण्यासाठी त्याने ते कागद घेतले होते. पुढे तो ऑस्ट्रेलियात गेला, तिथून चिलीला. विचारणा झाली की तो साफ नाकारायचा. फार ताणलं तर कागद नष्ट होतील, या भीतीने ग्रंथपालांनाही जोर करता येईना. ऑक्टोबर 1998 मध्ये एगन वारला. चिलीतल्या सहकाऱ्यांनी त्याचं सामान आवरायला घेतलं तेव्हा नेपच्यूनचा गठ्ठा सापडला, आणि त्याच्यासोबत वेधशाळेची इतर दुर्मीळ पुस्तकं आणि कागद, सगळं मिळून शंभर किलोंच्या वर. 1999 मध्ये ते केंब्रिजला परतलं आणि नेपच्यूनच्या कागदांच्या प्रती लगेच काढल्या गेल्या.

एगन हा मोठा शास्त्रज्ञ होता. आकाशगंगा कशी घडली यावरचं त्याचं काम आजही सांगितलं जातं. म्हणूनच ही गोष्ट मला जास्त लागते. कागदांचं मोल न कळणाऱ्याने ते नेले असते तर अज्ञान म्हणून सोडून देता आलं असतं. मोल पुरेपूर कळणाऱ्यानेच ते स्वत:पाशी दडवले. एका पिढीच्या इतिहासकारांचं काम त्यामुळे अडलं. त्यातले काही मूळ कागद न पाहताच गेले. विद्वत्ता ही विश्वस्ताची हमी नसते. संस्थेत नियम लागतो, आणि तो सगळ्यांत मोठ्या विद्वानालाही लागू असावा लागतो. मूळ कागद वाचनकक्षाबाहेर जाणार नाही, जाईल ती प्रत, एवढा साधा नियम त्या दिवशी कुणी पाळला असता तर हे घडलं नसतं.

गठ्ठा परत आल्यावर काय निघालं? विल्यम शीहान, निकोलस कोलरस्ट्रॉम आणि क्रेग वॉफ या अभ्यासकांनी 2004 मध्ये आपला निष्कर्ष मांडला. ॲडम्सचं गणित खरं होतं, कसबाचं होतं. पण 1846 च्या उन्हाळ्यात चॅलिसला मिळालेल्या जागा सुमारे वीस अंशांच्या पट्ट्यात पसरलेल्या होत्या. एका ठाम जागेवर बोट ठेवून इथे पाहा असं ॲडम्सने सांगितलं नव्हतं. ल व्हेरिएने ते सांगितलं, जाहीरपणे सांगितलं आणि पाहायला लावलं. ग्रहाचा शोध म्हणजे नुसतं भाकीत नसून पाहणाऱ्याला पटवून देणंही त्यात येतं, आणि त्या कसोटीवर दोघं बरोबरीला येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. कुणाला पटणार नाही. पण आता वाद होईल तो कागद समोर ठेवून होईल, हा खरा फायदा.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं का गोळा करत होते? शंभर-शंभर वर्षांनी लिहिलेल्या बखरींपुढे त्या दिवशी लिहिलेला एक अस्सल कागद उभा केला की बखर कुठे वाकली ते दिसतं, हे त्यांनी आपल्याला शिकवलं. 1898 मध्ये त्यांचा साधनांचा पहिला खंड निघाला, 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, पेशवे दप्तरातून निवडलेले खंड रियासतकार सरदेसायांच्या देखरेखीखाली बाहेर पडले. पानिपतावर काय झालं हे आपण आज पत्रांवरून बोलतो, ऐकीव कथेवरून बोलत नाही. मग विज्ञानाच्या इतिहासाला आपण बखरीवर का सोडून दिलं आहे?

विजयदुर्गाचं उदाहरण घ्या. हेलियमचा शोध 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात विजयदुर्गावरून इंग्लिश शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयरने लावला, असं आपल्याकडे कित्येकदा सांगितलं जातं. त्या तारखेला गेली काही वर्षं किल्ल्यावर हेलियम दिनही होतो. किल्ल्यावर दुर्बिणींसाठी बांधलेले ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. ते ओटे आणि लॉकयरचं विजयदुर्गाशी असलेलं नातं, दोन्ही खरं आहे. मात्र लॉकयर तिथे आला तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. 1868 मध्ये तो इंग्लंडमध्येच होता. त्या ग्रहणाला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. जॉन हर्शेलचा मुलगा, लेफ्टनंट हर्शेल, जमखंडीला होता. सौरज्वाळांच्या वर्णपटातल्या तेजस्वी रेषा पाहून, ग्रहण नसतानाही या दिसू शकतील, असं जान्सेनला वाटलं आणि दुसऱ्या दिवशी त्या त्याला दिसल्या. लॉकयरने 20 ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहणाविना, तेच साधलं. दोघांच्या बातम्या पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत, 26 ऑक्टोबर 1868 ला वाचल्या गेल्या. अकादमीने पुढे दोघांच्या मुद्रा असलेलं पदक काढलं. त्या रेषांतली पिवळी रेषा सोडियमची नाही, एका नव्या मूलद्रव्याची असावी, हा विचार त्यानंतरचा, आणि पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो 1895 मध्ये रॅम्झीला.

हे सगळं आपल्याला कळतं ते तारखा घातलेल्या पत्रांमुळे आणि अकादमीच्या कार्यवृत्तामुळे. विजयदुर्गाचं महत्त्व त्याने उणं होत नाही. हेलियमशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं तो माणूस तीस वर्षांनी सूर्य पाहायला कोकणात आला, जहाजावरच्या लोकांना हाताशी धरून किल्ल्यात दुर्बिणी मांडल्या, ही हकीकत सांगायला काय कमी आहे? खरी गोष्ट पुरेशी मोठी असताना तिच्या जागी दुसरी बसवली की मुलं चुकीचा इतिहास पाठ करतात आणि जो खरा इतिहास आहे तो कुणी शोधतच नाही.

त्याच 1898 च्या ग्रहणाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आणखी एक तुकडी होती, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांची. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली होती आणि तिथे वीस इंची ग्रब दुर्बीण होती, त्या काळातली देशातली सर्वांत मोठी. 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर अख्खी वेधशाळा मिटते हे जितकं वाईट, तितकंच हेही वाईट की पुण्यातल्या फार थोड्यांना ती होती हे ठाऊक आहे. यंत्रं हलवताना त्यांची यादी करतात, पावती घेतात. कागदांची यादी कोण करतं?

पत्रं म्हणजे विज्ञानाच्या कडेला पडलेली किरकोळ कात्रणं, हा समजच चुकीचा आहे. एकोणिसाव्या शतकात पत्र हेच विज्ञानाचं चालतं वाहन होतं. 1821 मध्ये शूमाखरने आल्टोनाहून जे खगोलशास्त्राचं नियतकालिक सुरू केलं त्यात मुख्यत: खगोलज्ञांची पत्रंच छापली जात, ते आजही निघतं. जॉन हर्शेलची चौदा हजारांहून अधिक पत्रं सूचीत नोंदली गेली आहेत. केपटाऊनला दक्षिणेचं आकाश पाहत असताना त्याने 1836 मध्ये भूशास्त्रज्ञ लायेलला लिहिलेल्या पत्रात नव्या जाती कशा उपजतात या कोड्याचा उल्लेख आहे, आणि त्या पत्रातला उतारा छापून आल्यावर तो डार्विनच्या मनात घर करून बसला. डार्विनच्या पत्रांचा प्रकल्प 1974 मध्ये सुरू झाला आणि 2022 मध्ये तिसाव्या खंडाने पुरा झाला. पंधरा हजारांहून अधिक पत्रं आज जगात कुणीही फुकट वाचू शकतो. जवळपास पन्नास वर्षं, अनेक संपादक, अनेकांचे पैसे, आणि मध्येच कुणी ते काम बंद पाडलं नाही. मला यात त्या समाजाची समज दिसते.

आक्षेप आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला खासगीपणाचा. पत्रात माणूस सैल असतो. तो आजारपणाबद्दल लिहितो, सहकाऱ्यावर चिडतो, चुकीची कल्पना मांडतो आणि दुसऱ्या दिवशी मागे घेतो. हे सगळं चव्हाट्यावर यावं का? ॲडम्सच्या पत्रांवरून आणि आठवणींवरून त्याला विशिष्ट मानसिक घडण होती, असं निदान 2007 च्या एका लेखात मांडलं गेलं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाला न तपासता असं लेबल लावणं मला अनुचित वाटतं. पण वाईट वापर होतो म्हणून कागदच बंद करावेत, हे त्याचं उत्तर नाही. खासगी मजकुराला मुदत घालता येते. पन्नास वर्षं सीलबंद ठेवा, हवं तर जास्त. मात्र असा कागद आहे, ही नोंद सूचीत पहिल्या दिवसापासून दिसली पाहिजे. लोक कागदाच्या अस्तित्वाबद्दलच अंधारात राहिले की त्याला पाय फुटतात.

दुसरा आक्षेप आजचा. 2009 च्या नोव्हेंबरात ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या हवामान संशोधकांच्या ईमेल चोरून जगापुढे टाकल्या गेल्या. सुटी वाक्यं उचलून, सगळं हवामानशास्त्रच बनाव आहे, अशी हाकाटी झाली. एकामागून एक चौकशा झाल्या. वैज्ञानिक लबाडी आढळली नाही. त्याच चौकशांनी मात्र मोकळेपणा कमी पडल्याबद्दल संशोधकांना आणि विद्यापीठाला बोल लावला. यातून शास्त्रज्ञांनी धडा घेतला तो बहुधा उलटा: महत्त्वाचं लिहायचं नाही, फोनवर बोलायचं. मला त्यांची भीती समजते. चोरीने आणि तुकड्यातुकड्याने बाहेर आलेलं पत्र घातक ठरतं कारण त्याचा आगापिछा कुणालाच दिसत नाही. अख्खा पत्रव्यवहार, क्रमाने, ठरलेल्या मुदतीनंतर खुला होणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असेल तर एका सुट्या वाक्यावर आग लावणं अवघड जातं.

आणि भीती वाटो न वाटो, ईमेलचं काय होतंय ते पाहा. संशोधक निवृत्त झाला की काही महिन्यांत त्याचं संस्थेचं खातं बंद होतं आणि पंचवीस-तीस वर्षांचा व्यवहार एका क्लिकमध्ये जातो. एअरीच्या काळी आळस केला तरी कागद तळघरात पडून राहायचा. उंदीर, वाळवी, ओल यांतूनही काही वाचायचं. आज आळस केला की काहीच उरत नाही. एगनने जे नेलं ते निदान परत आलं.

आपल्याकडे 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. केंद्राची खाती आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या वैधानिक संस्था त्यात येतात. नोंदी बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही त्यात आहे. सोसायटी म्हणून नोंदलेल्या संशोधन संस्था त्यात बसतात की नाही यावर वकील वाद घालतील. संस्थांनी त्याची वाट पाहायची गरज नाही. प्रमुखपद सोडताना, प्रयोगशाळा रिकामी करताना, फायली आणि टपालपेटी अभिलेखागाराकडे सोपवल्याची पावती असल्याशिवाय कार्यमुक्तीचा कागद मिळू नये, एवढा ठराव कुठल्याही नियामक मंडळाला एका बैठकीत करता येतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं स्वत:चं अभिलेखागार आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राने 2019 मध्ये विज्ञानाच्या कागदपत्रांसाठी सार्वजनिक अभिलेखागार उघडलं. म्हणजे आपल्याला हे जमत नाही असं नाही. प्रत्येक विद्यापीठात एक प्रशिक्षित अभिलेखपाल नेमायला किती पैसे लागतात? एखाद्या मध्यम उपकरणाच्या वर्षभराच्या देखभालीपेक्षा जास्त नसावेत, आणि उपकरण दहा वर्षांत भंगारात जातं.

2025 च्या मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. केंब्रिजला ते, स्थिर विश्वाचा सिद्धान्त मांडणाऱ्यांपैकी एक असलेल्या, फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी, पुढे सहकारी. हॉइल यांची कागदपत्रं ॲडम्सच्याच सेंट जॉन्स कॉलेजच्या ग्रंथालयात नीट लावून ठेवलेली आहेत. पत्रव्यवहाराला दोन टोकं असतात. उद्या कुणी मराठी मुलगी स्थिर विश्वाच्या सिद्धान्ताचा इतिहास लिहायला बसली तर एका टोकासाठी ती केंब्रिजला जाईल, आणि दुसरं टोक तिला पुण्यात, सूचीसकट मिळायला हवं. तिने नारळीकरांबद्दल इतरांनी सांगितलेल्या आठवणींवर भागवावं असं मला वाटत नाही.

हे संस्थांचं झालं. आपल्याकडचं पुष्कळसं ज्योतिर्गणित संस्थांच्या बाहेर झालं, शाळामास्तरांनी केलं. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षण खात्यात नोकरी करत भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहीत होते, आणि मद्रासच्या सनदी नोकरीतल्या रॉबर्ट सेवेल यांच्यासोबत त्यांनी केलेला भारतीय कालगणनेवरचा ग्रंथ 1896 मध्ये लंडनला निघाला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचं भाकीत करून ते 1911 मध्ये फ्रेंच खगोल संस्थेच्या पत्रिकेत छापून आणलं; एकाचं नाव त्यांनी ब्रह्मा ठेवलं होतं, दुसऱ्याचं विष्णू. या माणसांनी किती पत्रं लिहिली असतील, किती आली असतील! केरो लक्ष्मण छत्र्यांपासून ते खेड्यातल्या पंचांगकर्त्यांपर्यंत अनेकांची अशी पत्रं कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत असू शकतात. त्यांची एक सामाईक सूची मराठीत व्हावी, आणि ती करायला भारत इतिहास संशोधक मंडळासारखी संस्था, एखादं विद्यापीठ आणि खगोलप्रेमींच्या संघटना एकत्र येऊ शकतात.

तुमच्या घरी पणजोबांच्या आकडेमोडीच्या वह्या आणि परगावाहून आलेली पत्रं असतील तर घर पाडण्याआधी, रद्दीवाल्याला बोलावण्याआधी, ती एकदा जाणकाराला दाखवा. स्वत: छाननी करून महत्त्वाची तेवढी ठेवू नका, काय महत्त्वाचं ते पुढच्याला ठरवू द्या. ज्या क्रमाने बांधलेली आहेत तो क्रम मोडू नका. कोरं वाटणारं पान, समासातली बेरीज, अर्धवट सोडलेला मसुदा, सगळं त्यात राहू द्या. आणि पाकिटं फेकू नका. पत्रावर तारीख नसली तरी टपालखात्याचा शिक्का पाकिटावर असतो, आणि कुणाला काय कधी कळलं याचा निकाल कित्येकदा त्या शिक्क्यावरच लागतो.